लेकीसारखी

आमच्या फौंड्रीत सहाची गाडी चुकत नाही. संध्याकाळी सहा वाजता फाटकाशी कंपनीची गाडी लागते आणि कारखान्यातल्या सगळ्या बायका तिच्यात बसून घरी जातात. वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या, पॅकिंगमधल्या, ऑफिसातल्या आणि आम्ही लॅबमधल्या. मालकांनी हा नियम केला तो मनापासून केला. बाईमाणसानं एमआयडीसीच्या रस्त्यावर अंधारात वडापची, म्हणजे शेअर जीपची, वाट बघत उभं राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला स्वतःला त्या गाडीचा फार उपयोग झाला. मूल लहान होतं, राजारामपुरीतल्या घरी सासू एकटी असायची, आणि मी सातच्या आत दारात हजर असायचे.

पण भट्टी लागायची रात्री. विद्युत भट्टीला वीज बेसुमार लागते आणि वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त होती. दिवसा वाळूचे साचे तयार व्हायचे, रात्री लोखंड वितळवून त्यांत ओतलं जायचं. सकाळी आम्ही यायचो तेव्हा सगळं थंड झालेलं असायचं. रात्रपाळीच्या पोरानं ठेवलेल्या नमुन्याच्या चकत्या टेबलावर असायच्या. त्या घासायच्या, यंत्राखाली धरायच्या, कार्बन किती, सिलिकॉन किती ते बघायचं, चूक असेल तर खाली कळवायचं. या कामात मी केस पांढरे केले. वितळलेलं लोखंड मी मोजक्याच वेळा पाहिलं असेल, तेही पाहुण्यांना कारखाना दाखवताना. मला त्याचं दुःख नव्हतं. मी भट्टी कधी मागितलीच नव्हती.

तिनं मागितली. पहिल्याच दिवशी.

ती लॅबमध्ये नव्यानं लागलेली मुलगी, कबनूरची. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आई घरातच मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं ती बोलायची ती ओरडल्यासारखीच. लॅबमध्ये आम्ही तिला सारखं हळू बोल, हळू बोल म्हणायचो. धातुशास्त्राची पदवी चांगल्या मार्कांनी घेऊन आली होती. मी तिला यंत्र दाखवलं, चकती कशी घासायची ते दाखवलं, बसायची जागा दाखवली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आणि भट्टी कुठाय?"

मी म्हटलं, भट्टी रात्री लागते आणि आपण सहाच्या गाडीनं जातो.

"मग मला कधी बघायला मिळणार?"

मी म्हटलं, आधी चकती घास.

ती चकती उत्तम घासायची. तरी दर काही दिवसांनी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन रात्रपाळी मागायची. मालक हसून परत पाठवायचे. कधी म्हणायचे तिथं लेडीज बाथरूम नाही, कधी म्हणायचे तुझ्या वडिलांना काय सांगू. एकदा ती वडिलांनाच घेऊन आली. ते बिचारे केबिनमध्ये टोपी हातात घेऊन बसले आणि म्हणाले, माझी हरकत नाही, पोरगी सांगते ते खरं. मालकांनी त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि रात्रपाळी काही दिली नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि सर हजेरीच्या वेळी "जंटलमेन" म्हणायचे. आता तसं नाही. आता आमच्याकडे कारखाना बघायला कॉलेजची सहल येते तेव्हा मुलींचा घोळका असतो. त्या प्रश्नही चांगले विचारतात. मग त्यांतली एखादी लॅबमध्ये दिसते, एखादी ऑफिसात, आणि भट्टी-साच्यांच्या शॉप फ्लोअरवर एकही नाही. आमच्याकडे एक कास्टिंग, म्हणजे ओतलेला सुटा भाग, खराब निघालं तरी कारण शोधतात. वाळू ओली होती का, धातू थंड होता का, हवा अडकली का. कारण सापडल्याशिवाय कुणाला जेवायला सोडत नाहीत. या मुली कुठं गळतात याची बैठक मात्र मी नोकरीभरात एकही पाहिली नाही.

मग विजेच्या दराच्या वेळा बदलल्या. सगळीकडे सोलर आलं, दुपारची वीज स्वस्त झाली आणि रात्रीची सवलत गेली. फौंड्रीवाल्यांनी बैठका घेतल्या, सरकारला शिव्या दिल्या आणि पाळ्या बदलल्या. आमची भट्टी दिवसा लागायला लागली.

तिला ही बातमी मीच सांगितली. तिनं हातातली चकती खाली ठेवली, मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाली, "बूट मागवायला लागतील."

मालकांना नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. लॅबचं काम सांभाळून दिवसातून थोडा वेळ भट्टीवर शिकायला जा, असं ठरलं. बुटांचं मात्र अवघड झालं. स्टोअरवाला म्हणाला, लेडीज साइज येत नाही. सगळ्यात लहान पुरुषी बूट तिला मोठे होत होते. तिनं दोन-दोन मोजे घातले आणि गेली.

भट्टीचे प्रमुख होते त्यांना सगळे मामा म्हणायचे. मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचे. उंच, काळेसावळे, भुवया कायमच्या जळलेल्या. त्यांनी तिला बघितलं आणि पोरांकडे बघून म्हणाले, "आता शिव्या कमी द्या रं, पावणी आल्या."

"पावणी न्हाय मामा, कामाला आलोय," ती म्हणाली.

पोरांनी थट्टा केलीच. एक म्हणाला, ताई, हितं भाकरी करपंल बघा. ती म्हणाली, "करपू दे की. धातू करपला न्हाय म्हंजे झालं." त्यावर मामा हसले आणि विषय संपला. तिथं तिचा आवाज कुणाला मोठा वाटला नाही. भट्टीच्या घरघरीत आमच्यासारख्यांचं बोलणं ऐकूच जात नाही. तिचं जायचं.

मामांनी तिला शिकवलं ते हातचं काही न राखता. भंगार कसं निवडायचं, कुठला तुकडा आधी टाकायचा, वर तरंगणारी मळी कधी काढायची, धातूच्या रंगावरून काय ओळखायचं आणि रंगावर कधी विश्वास ठेवायचा नाही. ती पहिल्यांदा मॅग्नेशियमचा उजेड बघून आली तो दिवस मला आठवतो. विशिष्ट जातीच्या लोखंडासाठी ओतायच्या भांड्यात मॅग्नेशियम टाकतात, तेव्हा वेल्डिंगसारखा पांढराशुभ्र भडका होतो. ती लॅबमध्ये आली ती घामानं भिजलेली, नाकावर काजळी, आणि खुर्चीवर बसून नुसती हसत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आपल्याकडं येते ती शिळी बातमी ओ. खरं सगळं तिथंच घडून जातंय."

मला राग आला नाही. खरं होतं ते.

पुढं वर्षभर हे चाललं. मामांचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं आणि दसऱ्याला ते काम सोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या जागी ती, असं पोरं उघड बोलायला लागली. मामा एक-दोनदा जेवायच्या सुट्टीत लांब जाऊन बसले आणि भट्टी पूर्ण तिच्यावर सोडली. त्या दिवसांतल्या चकत्या मी स्वतः तपासल्या. एकीतही बोट ठेवायला जागा नव्हती. तिनं कबनूरला घरी सांगून टाकलं. आईनं शेजारणींना सांगितलं. मी तिला म्हटलं, हुकूम हातात पडल्याशिवाय नाचू नकोस. ती म्हणाली, "मॅडम, आता अडवायला उरलंय काय? रात्र होती, ती पण गेली."

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टी बंद असते. त्या दिवशी भट्टीची, लेथची, हत्यारांची पूजा. बायकांना एरवी शॉप फ्लोअरवर कुणी बोलवत नाही, पण खंडेनवमीला आम्ही सगळ्या तिथं असतो. भट्टीसमोर रांगोळी काढतो, झेंडूच्या माळा बांधतो, भट्टीला ओवाळतो. कोअर शॉपच्या बायका काठापदराच्या साड्या नेसून येतात. ती बौद्ध घरातली. तिच्याकडं पूजा नसायची, ती कधी ओवाळायची नाही आणि कुणी आग्रहही करायचं नाही. पण यायची. त्या दिवशी ती कामाच्या कपड्यांत आली होती, तेच मोठे बूट घालून. पूजा झाल्यावर मामांकडून भट्टीचा ताबा घ्यायचा तर साडीत कसा घेणार, असं तिचं साधं म्हणणं.

पूजा झाली, नारळ फुटला, मामांचा फेटा बांधून सत्कार झाला. मामा रडले. मग मालक बोलायला उभे राहिले. भट्टीची जबाबदारी त्यांनी एका पोराला दिली. तो तिच्या नंतर लागलेला, डिप्लोमा झालेला, वाळूच्या विभागातला. वाईट नव्हता. त्याला स्वतःलाच धक्का बसलेला दिसत होता. टाळ्या वाजल्या, पण अर्ध्याच.

मालक पुढं म्हणाले, आता आमच्या इंजिनिअर ताईंबद्दल. एवढी हुशार पोरगी आपण धुरात, काजळीत किती दिवस ठेवायची? आजपासून ती ऑफिसात बसेल. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक येतात, त्यांच्याशी ती बोलेल. तिला स्वतंत्र केबिन केली आहे, एसी बसवलाय.

"ती मला लेकीसारखी हाय," मालक अगदी मनापासून म्हणाले. "आणि लेकीला कोण भट्टीवर ठेवतं काय?"

आता टाळ्या पूर्ण वाजल्या. कोअर शॉपच्या बायकांनी तर डोळ्याला पदर लावला. मालकीणबाई पुढं झाल्या. माहेरी आलेल्या लेकीला देतात तशी साडी आणि नारळ त्यांनी तिच्या हातात दिला, डोक्यावरून हात फिरवला. ती जाड कातडी हातमोजे घालून उभी होती. नारळ घसरायला लागला तसा तिनं तो कवटाळून छातीशी धरला. तिचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडं बघायला लागले. तिथं सगळे तिच्याकडं बघून हसत होते, आणि तिला त्यांच्याकडं बघून हसायलाच हवं होतं. हसली ती.

दसऱ्याची सुट्टी संपल्या संपल्या मी मालकांकडं गेले. मी त्यांच्याशी सहसा भांडत नाही. त्या दिवशी भांडले. तिचं काम मी कागदासकट पुढं ठेवलं. त्यांनी ते बघितलंही नाही. म्हणाले, मॅडम, तिचं काम चांगलं आहे हे मला माहीत नाही का? म्हणूनच तर केबिन दिली. माझी पोरगी असती तरी भट्टीवर ठेवली नसती.

"तुमच्या पोरीनं मागितली नव्हती साहेब. हिनं मागितली होती."

त्यांनी टेबलावरचे कागद माझ्याकडं परत दिले. मग म्हणाले, "मी एकट्यानं ठरवलं न्हाय. मामांना इचारून ठरवलंय. त्यांनीच नको म्हटलं."

मी उठले आणि सरळ मामांकडं गेले. ते शेवटचा हिशेब घ्यायला आले होते आणि सायकल स्टँडजवळ उभे होते. मी विचारलं, खरं का? ते म्हणाले, खरं.

मग त्यांनी सांगितलं ते मला अर्धं ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी ओलं भंगार भट्टीत गेलं होतं. आत पाणी राहिलं की वाफ होते आणि धातू बंदुकीसारखा उडतो. एका तरुण पोराच्या मानेवर, हातांवर पडला. तो जगला. पण त्याला उचलून गाडीत घातलं ते मामांनीच, आणि दवाखान्याच्या दारात त्याच्या आईला सांगितलं तेही मामांनीच.

"पोर लई गुणाची हाय," मामा म्हणाले. "माझ्यापेक्षा चार पावलं म्होरं जाईल. पर उद्या तिच्या तोंडावर उडालं तर? तिच्या आईला काय तोंड दावू मी?"

"पोरांच्या आयांना दाखवताच की," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना त्या आगीसमोर उभं केलं होतं आणि त्यात त्यांना कधी वावगं वाटलं नव्हतं, कारण पोरं त्यासाठीच असतात. सायकलचा स्टँड काढत ते म्हणाले, "तिला सांगितलंय मी. माझ्याच तोंडानं सांगितलं, की बाई, मीच नको म्हटलंय, तुझ्या भल्यासाठी."

मी विचारलं, मग ती काय म्हणाली?

"काय म्हणणार? वाकून पाया पडली माझ्या."

ते खूश होते. तिला पटलं, असं त्यांना वाटलं होतं. मी लॅबमध्ये परत आले. मालकांशी भांडता येत होतं. ज्यानं शिकवलं, ज्याचा तिच्यावर जीव होता, त्यानंच हे केलं म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? शत्रू असता तर तिनं नोकरीवर लाथ मारून दुसरी फौंड्री शोधली असती. इथं सगळेच तिला सांभाळत होते.

ती केबिनमध्ये बसायला लागली. चांगले कपडे, समोर कॉम्प्युटर, आलेल्या लोकांना चहा-पाणी. कामात चूक कधीच केली नाही. सुरुवातीला नवा पोरगा अडला की तिला फोन करायचा, ताई, असं असं दिसतंय, काय करू. ती समोरच्या माणसाला थांबवून उत्तर द्यायची. मग मालकांनी तिला प्रेमानं सांगितलं की त्याला आपल्या पायावर उभं राहू दे. फोन बंद झाले. जेवायच्या सुट्टीत ती माझ्याकडं यायची आणि रोज विचारायची, आज धातू कसा होता. मी सांगायचे. पुढं पुढं विचारणं कमी झालं. तिनं दुसरीकडं अर्जही केले. एकानं लॅब देतो म्हटलं, दुसऱ्यानं विचारलं लग्न कधी करणार. तेवढ्यात घरी स्थळं यायला लागली आणि तिची आई, जी शेजारणींना सांगत सुटली होती, तीच आता म्हणायला लागली की बघ, ऑफिसची नोकरी आहे म्हणून चांगली स्थळं येतायत.

तिनं बँकेची परीक्षा दिली आणि पास झाली. सोडताना लॅबमध्ये पेढे घेऊन आली. मी म्हटलं, अभिनंदन. दुसरं काय म्हणणार? बुटांचं तिनं काय केलं ते मी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात माझ्या सासूचं खातं बंद करायला मी शाहूपुरीतल्या बँकेत गेले. सासू गेल्या होत्या, त्यांचे कागद घेऊन काउंटरसमोर बसले आणि पलीकडं ती. गळ्यात मंगळसूत्र, केस नीट बांधलेले. मला बघून तिला आनंद झाला. कागद झरझर बघितले, दोन ठिकाणी सही राहिली होती ती दाखवली, एक झेरॉक्स स्वतः उठून काढून आणली. नवरा चांगला आहे म्हणाली, सासरचे नोकरी करू देतात. मीही बरं वाटून घेतलं. मग जुन्या सवयीनं मी सुरू केलं, की आपल्याकडं नवी मोठी भट्टी आली, दुप्पट धातू एका वेळी उतरतो, परवा पहिल्यांदा लावली तेव्हा...

"मॅडम," ती म्हणाली. शिक्का मारता मारता तिचा हात थांबला होता. "तेवढं सोडून सांगा. दुसरं काय पण सांगा."

मी थांबले. मग तिला माझ्या गुडघ्याचं सांगितलं, राजारामपुरीत पार्किंगची कशी बोंब झालीय ते सांगितलं, मुलाच्या लग्नाचं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं, मधे मधे विचारलंही. कागद पूर्ण झाले तसे तिनं पाकिटात घालून माझ्याकडं सरकवले. माझ्यामागं एक गृहस्थ पासबुक घेऊन ताटकळले होते. मी उठले, त्यांना जागा करून दिली.